वाळवीच्या पोटातली बिऱ्हाडं

आमच्याकडे सकाळ व्हायची ती आईच्या खोकल्याने. कोंबडा नंतर. आधी काटक्या मोडल्याचा आवाज, मग फुंकणीचा, मग खोकला, आणि तो असा लांबत जायचा की मी गोधडीत डोळे मिटून नुसती वाट बघायचे, आता संपेल, आता संपेल. संपला की समजायचं, चहा उकळला. मग उठायचं, मागीलदारी तोंड धुवायचं, रात्रीची नाचणीची भाकरी चहात बुडवून खायची आणि उतार उतरत डांबरी रस्त्यावर यायचं, एसटी पकडायला. वाडी पोलादपूरच्या वर डोंगरात आणि माझं कॉलेज महाडला. घरात आम्ही तिघंच. आई, मी आणि आप्पा, म्हणजे बाबांचे वडील. बाबा मुंबईला एका गोदामात कामाला. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने महाड, महाडवरून एसटी, मग चढ, आणि ओटीवर पिशवी टाकली की पहिला शब्द, "दमलो." खरंच दमलेले असायचे. आमच्या घरात सगळेच दमलेले असायचे. ते दिवस आठवायला बसले की मला आधी तो थकवाच आठवतो, माणसं नंतर. मी एकटीच नव्हते दमलेली. मी मायक्रोबायॉलॉजी शिकत होते आणि रोज कुणालातरी काहीतरी सांगायचं असायचंच, आणि ऐकायला कुणाच्या अंगात जीव नसायचा.

चुलीच्या बरोबर वर आमचा माळा होता. तिथे काय नव्हतं! बियाण्याच्या कणग्या, कांद्याच्या माळा, सुकटीचं गाठोडं, पावसाळ्यासाठी सुकवलेले बांगडे, आप्पांची इरली. सगळ्यावर धुराचा काळा थर, हात लावला की हाताला चिकटायचा. वासे किंजळीच्या लाकडाचे, तेही काळे कुळकुळीत. आणि त्या धुराचा एक वास होता, तो आमच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना असायचा. कॉलेजात पहिल्याच दिवशी शेजारी बसलेली रेहाना मला म्हणाली, "तू काय भट्टीत राहतेस काय गो?" मी म्हटलं, हो. तिथून आमची मैत्री. ती महाडजवळच्या नाते गावातली, वडील कुवेतला, डब्यात तिच्याकडे सांदणं असायची आणि माझ्याकडे कुळथाचं पिठलं, आणि आम्ही डबे सरळ बदलून टाकायचो.

आईला पोलादपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाई, हा खोकला औषधाचा नाही, चुलीचा आहे. चूल बंद करा. आई घरी येऊन हसली होती. "बंद करा म्हनं. जेवायचं काय, डॉक्टरच्या घरी?" पण बाबांनी मनावर घेतलं आणि एकदाची गॅसची शेगडी घरी आली. आईने तिला हळदकुंकू लावलं, वरून धुतलेला टॉवेल टाकला आणि बरेच दिवस ती फक्त पाहुण्यांच्या चहापुरती पेटवली. मग मीच भांडले, रोज भांडले, तेव्हा कुठे चूल थंड झाली. आप्पा जेवताना भाकरी उलटीपालटी करून बघायचे. "ही काय भाकरी. हिला वासच नाय. मुंबयची भाकरी ही." आई पुढची भाकरी थापायला घ्यायची. पण त्या पावसाळ्यात तिचा खोकला बसत गेला. पुरता नाही, पण सकाळी मला कोंबडा ऐकू यायला लागला. मला आठवतंय, एकदा ती मागीलदारी भांडी घासता घासता गुणगुणत होती. मी तिला गुणगुणताना कधी ऐकलंच नव्हतं, दम कुठे असायचा.

आणि पुढच्या दिवाळीच्या आसपास डाळीत माती पडायला लागली.

आधी वाटलं उंदीर. मग आई शिडी लावून माळ्यावर चढली आणि वरूनच म्हणाली, "आप्पा, जरा या." वाशांवरून मातीच्या नळ्या गेल्या होत्या, बोटाएवढ्या जाड, खांबावरून वर, तिथून आढ्याला. आप्पांनी एका वाशात कोयती घातली तर ती लोण्यात जावी तशी आत गेली. वरून तो वासा अजून काळा कुळकुळीत, धडधाकट, आणि आत नुसता भुसा. आप्पा खाली बसले आणि म्हणाले, "धूर गेला ना." एवढंच. सगळ्या वाडीला हे माहीत होतं, आम्हालाही होतं. चूल फक्त भात शिजवत नव्हती, ती घर राखत होती. धुराने लाकूड सुकं राहायचं, कडू व्हायचं. पण चूल बंद करताना हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चुलीकडे बघताना आम्ही कायम आईकडे बघत होतो किंवा भाकरीकडे, वर कुणी बघितलंच नाही.

मग उपाय सुरू झाले. जळकं ऑइल फासलं, वाळवी बाजूने गेली. रॉकेल ओतलं, आठवडाभर जेवणाला रॉकेलचा वास. वाळवीचं मूळ घर परसात होतं, आंब्याच्या पलीकडे मोठं वारूळ. ते उकरा असं शेजारचे म्हणायचे, पण नागपंचमीला आम्ही त्यालाच लाह्या वाहायचो, आणि आप्पांनी सांगून टाकलं, "मी हाय तवर त्याला फावडं लागनार नाय." आईलाही ते नकोच होतं. दुकानातल्या फोनवर बाबांशी बोलणं झालं. बाबा म्हणाले, स्वयंपाक गॅसवरच कर, पण संध्याकाळची जरा चूल पेटवत जा, घराला धुरी मिळेल.

म्हणजे बघा हं, काय झालं ते नीट सांगते. आई गॅसवर भात करायची, आणि बाजूला रिकामी चूल पेटवायची. वर भांडं नाही, तवा नाही, काही नाही. आणि धूर जास्त व्हावा म्हणून मुद्दाम ओली लाकडं घालायची. आगीसाठी नाही, धुरासाठी! आधी निदान सुकं लाकूड असायचं. आता ती त्या ओल्या धुरात बसून फुंकणी फुंकायची, कारण ओलं लाकूड सारखं विझतं. खोकला परत आला, आणि आधीपेक्षा खालून यायला लागला. मी ओरडायचे, पुढे होऊन लाकडं ओढायचे, तर म्हणायची, "सोड गो. घर पडलं तर जाऊ कुठं? तू अभ्यास कर जा." आणि आप्पा ओटीवर बसून वर बघायचे. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. त्यांना दोन्हीकडचं वाईट वाटत होतं, आणि त्यातलं घराचं त्यांना बोलता यायचं.

आता कॉलेज. आमच्या मॅडमनी त्या वर्षी सांगितलं होतं की प्रोजेक्ट स्वतः शोधून आणा, पुस्तकातले नकोत. मी हात वर करून म्हटलं, "मॅडम, माझ्या घरात वाळवी आहे." सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "ती लाकडावर जगते कशी, कधी विचार केलायस?" मी म्हटलं, खाते. "खाईल गं. पण अंग कशाचं बनवते? लाकडात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. नायट्रोजन नाही तर प्रथिनं नाहीत. नुसतं लाकूड खाणं म्हणजे जन्मभर नुसती साखर खाण्यासारखं आहे." आणि मग त्यांनी सांगितलं की वाळवीच्या आतड्यात जिवाणू राहतात, आणि त्यातले काही हवेतला नायट्रोजन पकडतात. आपल्या भोवती हवा आहे, तिच्यात सगळ्यात जास्त तोच, पण त्याचे दोन अणू एकमेकांना एवढे घट्ट धरून असतात की आपल्याला, गाईला, झाडाला, कुणालाच ते सोडवता येत नाहीत. हे सोडवतात. वालाच्या मुळांना गाठी असतात ना, त्यातले जिवाणू करतात तेच, पण इथे एका किड्याच्या पोटात! मला त्या दिवशी एसटीत उभं राहून यावं लागलं आणि ते घरी पोचेपर्यंत कळलंच नाही.

मग मी हॉर्लिक्सच्या बाटलीत आमच्याच माळ्यावरची वाळवी, थोडा भुसा घालून, कॉलेजला नेली. रेहाना माझी पार्टनर. ती म्हणाली, "लोक घरून लाडू आणतात." वाळवीचं डोकं एका सुईने धरायचं आणि शेपटाकडचं टोक चिमट्याने हळू ओढायचं, की आतडं अख्खं बाहेर येतं, केसासारखं. ते मिठाच्या पाण्याच्या थेंबात फोडायचं आणि काचेवर ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. मी पहिल्यांदा बघितलं आणि ओरडलेच. गर्दी! काठीसारखे, गोल, आणि काही मळसूत्रासारखे वळवळत पळणारे, एकावर एक, जागा म्हणून नाही. बुधवारचा बाजार नुसता. त्यातलंच थोडं पाणी आम्ही नायट्रोजनचं काहीच न घातलेल्या खाद्यावर पसरलं आणि उबेत ठेवलं. बाजूला एक प्लेट नुसत्या पाण्याची, तुलनेसाठी. काही दिवसांनी पाण्याची प्लेट कोरी, आणि आमच्या वाळवीच्या प्लेटवर पारदर्शक, ओलसर, थेंबाथेंबासारख्या वसाहती. मी नाचले. मॅडम म्हणाल्या, "थांब. उगवले म्हणजे हवेतला नायट्रोजनच घेतात असं सिद्ध होत नाही, खाद्यात कुठूनतरी कणभर आला असेल तरी असे चिकट वाढतात. 'शक्यता' असं लिही." मी 'दाट शक्यता' लिहिलं.

आणि अर्थात माझ्या डोक्यात लगेच आलं की हे जिवाणू मारले तर वाळवी उपाशी मरेल! रेहानाच्या भावाचं मेडिकल होतं. मी मॅडमना विचारलं, वाशांना अँटिबायोटिक लावलं तर? मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "दिवसातून किती वेळा देणार? जेवणाआधी की जेवणानंतर?" रेहाना त्यानंतर वर्षभर मला 'वाशांची डॉक्टरीण' म्हणत होती.

त्याच दिवसांत आईचा एक्स-रे काढायला तिला महाडला आणलं. फिल्म दुपारनंतर मिळणार होती. तिला स्टँडवर कुठे बसवायची, म्हणून कॉलेजात आणलं. पायऱ्या चढताना ती प्रत्येक वळणावर थांबत होती आणि भिंतीवरचे नोटिसांचे फळे वाचल्यासारखं करत होती, दम लागलाय हे दिसू नये म्हणून. प्रयोगशाळेत तिला स्टुलावर बसवली. रेहानाने तिला पाणी दिलं. मी घाईघाईने मायक्रोस्कोपखाली काच लावली.

"एक डोळा मीट आणि इथून बघ."

"मिटला."

"दोन्ही मिटलेस गं आई."

"मग सांगायचं ना कुठचा ते." मग तिने बघितलं, आणि बघतच राहिली. शेवटी म्हणाली, "हे समदं त्या एका वाळवीत?"

"एका वाळवीच्या पोटात. बिऱ्हाडं करून राहतात. ती लाकूड खाते, त्यात कस नसतो. हे हवेतून काढून देतात तिला."

"हवेतून?"

"हो. हवेचं जेवण बनवतात म्हण ना."

आईने भिंगावरून डोळा काढला नाही. "मला हवा पुरत नाय," ती म्हणाली, "आनि हिच्या पोटात हवेचा सैपाक चाललाय." रेहाना खिडकीकडे बघायला लागली. मग आईनेच विचारलं, हे तिच्या पोटात येतात कुठून, जन्मताच असतात काय. मी सांगितलं, नाही, पिल्लू मोठ्या वाळवीच्या मागून निघालेलं चाटून खातं, तेव्हा येतात, नाहीतर ते पिल्लू जगतच नाही. आईने तोंड वाकडं केलं, "शी गो!" आणि मग एकदम हसली. "म्हंजे तिथं पन सासरचं उष्टं खाल्ल्याबिगर संसार नाय." रेहाना एवढी हसली की मॅडम आतून बघायला आल्या. आईला हसता हसता ठसका लागला आणि तो थांबेना. तिने टेबलाची कड धरली, ओठ निळसर झाले, मी तिची पाठ चोळत राहिले. मॅडम तशाच दारात उभ्या. एक्स-रे बघून महाडच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते पोलादपूरच्यांपेक्षा वेगळं नव्हतं, फक्त त्यांनी ते हळू आवाजात सांगितलं. धूर म्हणजे धूर. एकही दिवस नाही. नाहीतर पुढच्या पावसाळ्याचं मी सांगू शकत नाही.

येताना एसटीत तिला खिडकी मिळाली. मला वाटलं झोपली. पोलादपूर आलं तेव्हा म्हणाली, "आप्पांना इतक्यात सांगू नको."

शिमग्याला बाबा आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाबा आणि आप्पा ओटीवर बसले होते. बाबांनी माळा बघितला होता. वासे बदलायचे तर लाकूड कुठून आणणार, आणि आणलं तरी तेही खाणारच, असं चाललं होतं. "मंग धुरी वाढवा," आप्पा म्हणाले, "सकाळ-सांज दोन्ही टायम पेटू दे." मी आतून आले आणि सुरू झाले. डॉक्टर काय म्हणाले, फुप्फुसं, वाळवी, जिवाणू, धूर वारुळात पोचतच नाही, वाळवीचं घर जमिनीत आहे, ती परत परत येणार, असं सगळं एका दमात, एकात एक. धुराने वाळवी दूर राहते हेही मीच मध्ये सांगून टाकलं, कारण ते खरंच होतं. बाबा थकून ऐकत होते. मग म्हणाले, "मंग तुज्या त्या पोटातल्यांना सांग ना, आमचं घर सोडा म्हनून. शिकलीस ना येवडी." आप्पा हसले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. ओले हात पदराला पुसले आणि काडेपेटी बाबांच्या पुढ्यात ठेवली. "आज तुमी लावा," ती म्हणाली.

"काय?"

"चूल. ओली लाकडं मागं हायत. विझली की फुंकायची."

आप्पा म्हणाले, "येडी झाली काय गो? बाप्या मानूस चुलीपुढं बसनार?"

"आप्पा, घर राखायचंच हाय ना? मंग बाप्यानं राखलं तर घर नाय म्हननार नाय." तिचा आवाज चढला नव्हता. दमलेलाच होता. "मी सासूच्या हाताखाली लावली, एकटीनं लावली. गॅस आल्यावर पन लावली. आता मला जमत नाय. मी नाय लावनार."

बाबांना वाटलं रुसली आहे. उठले, हसतच आत गेले, "लावतो की, त्यात काय." आई अंगणात जाऊन तांदूळ निवडत बसली. मी दारात उभी. ओलं लाकूड पेटेना, बाबांनी रॉकेल शिंपडलं, ते भडकून विझलं, मग धूर झाला. खरा धूर. बाबा फुंकत राहिले. थोड्या वेळाने हसणं थांबलं. मग खोकणं सुरू झालं. एकदा ते दारापर्यंत आले, आईकडे बघितलं, ती सुपाने तांदूळ पाखडत होती, आणि परत आत गेले. का गेले मला माहीत नाही. हट्टाने असेल, किंवा त्यांना शेवटपर्यंत बघायचं असेल. आप्पा ओटीवर चुळबुळ करत होते, शेवटी तेच ओरडले, "बस झाली रे धुरी! ये भाईर!"

बाबा बाहेर आले तेव्हा डोळे लाल, नाकातून पाणी, छाती भात्यासारखी चाललेली. पायरीवर बसले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत होते. आईने सूप बाजूला ठेवून त्यांना तांब्या दिला.

"रोज असंच?" बाबांनी विचारलं.

"पावसात जास्ती."

"कधी बोलली नाहीस."

आईने त्यांच्याकडे बघितलं. "खोकत होते की," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मे महिन्यात बाबा मोठी रजा काढून आले आणि घराचं छप्पर उतरवलं. कौलं, रिपा, वासे, सगळं. लोखंडी नळ्या आणि पत्रे आले, महाडवरून टेम्पोने, आणि रस्ता संपतो तिथून वाडीतल्या माणसांनी डोक्यावर वाहिले. आप्पा अंगणात बसून कौलं रचत होते, एकेक हातात घेऊन, फुटकं वेगळं, धड वेगळं. घर विद्रूप झालं, हे मला आज कबूल करायला काही वाटत नाही. उन्हाळ्यात आत बसवत नाही, माळा गेला, सुक्या बांगड्यांना तो धुराचा वास राहिला नाही, आणि आप्पा शेवटपर्यंत त्याला 'गोडाऊन' म्हणत राहिले. वारूळ आहे तिथेच आहे. आता मी बिरवाडीला खोली घेऊन राहते, कंपनीच्या लॅबमध्ये दिवसभर पाण्याचे नमुने तपासते, आणि संध्याकाळी पाय ओढत परत येते तेव्हा मला कळतं की तेव्हा सगळे एवढे का दमलेले असायचे.

त्या आषाढात एका दुपारी मी कॉलेजमधून लवकर आले. पाऊस असा कोसळत होता आणि पत्रे असे वाजत होते की घरात शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नव्हतं. आप्पा ओटीवर काहीतरी सांगत होते, नुसते ओठ हलत होते. मी आत गेले. स्वयंपाकघरात आई जमिनीवर पटकूर टाकून, हात डोक्याखाली घेऊन कुशीवर पडली होती. मी घाबरले. इतकी वर्षं ती ठीक आहे की नाही हे मला ऐकूनच कळायचं, आणि आता काहीच ऐकू येत नव्हतं. तशीच ओल्या कपड्यांनी तिच्याजवळ खाली बसले आणि बघत राहिले. तोंड जरा उघडं होतं. पदराखाली छाती वर येत होती, खाली जात होती, सावकाश, एकसारखी. भर दुपारी, एवढ्या आवाजात, आई झोपली होती.